शशिकांतचे चार सेंटिमीटर

शनिवारी घरातल्या चादरी बदलायचं काम शशिकांतकडे असतं. त्या शनिवारी आईच्या पलंगावरची चादर अर्धी घालून झाली होती. डोक्याकडचे दोन कोपरे गादीखाली नीट खोचलेले, पायाकडची बाजू तशीच लोंबत होती, आणि शशिकांत स्वतः पलंगाच्या खुराशी जमिनीवर पालथा पडून मोजपट्टी लावत होता. शेजारी प्लायवूडचे चार चौकोनी तुकडे, प्रत्येक बरोबर एक सेंटिमीटर जाडीचा.

सोळा वर्षांची स्पृहा दात घासत दारात येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं जर्मनमधूनच येतात.

"बाबा, वारूम मिस्ट डू ओमास बेट?"

"का म्हणजे? माझ्या आईचा पलंग मोजायला तुझी परवानगी लागते का?"

स्पृहाने खांदे उडवले आणि ती चूळ भरायला गेली. तिच्या मागोमाग सरिता उशांचे अभ्रे घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, चादर घालायला पाठवलं होतं तुम्हाला. हे काय मांडलंय?"

"दार लाव आधी. आईची पूजा चाललीय ना अजून?"

"सहस्रनाम चाललंय. अर्ध्यावर आलं असेल. उठा बघू, अंगाला धूळ लागतेय."

शशिकांत उठला, पण थांबला नाही. त्याने एक कोपरा उचलून धरला, पायाने तुकडा आत सरकवला आणि पलंग हळूच खाली ठेवला. असं चारी बाजूंनी केलं. मग शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला. चौसष्ट. त्याच्या वर त्रेसष्ट होता, त्याच्या वर बासष्ट, आणि सगळ्यात वर पंचावन्न.

सरिताने ती रांग वरपासून खालपर्यंत वाचली.

"नऊ दिवस झाले तुम्ही रोज आईंचा पलंग उंच करताय?"

"रोज एक सेंटिमीटर. कुणाच्या लक्षात यायचं नाही."

"पडल्या म्हणजे?"

"मी उभा असतो ना दारात, रोज सकाळी."

"होय का? मला वाटलं चहाचा कप हातात धरून मातृभक्ती चाललीय."

शशिकांतने लोंबणारी चादर खोचली. त्याला असल्या बोलण्याचा राग येत नाही. मुळात त्याला राग येतो तो फक्त चुकीच्या मापाचा.

शशिकांत बावीस वर्षं जर्मनीत, नेकारसुल्मला राहतो. गाड्यांच्या कारखान्यात त्याचं खातं आहे ते चाकांवरच्या स्प्रिंगा आणि शॉक-अब्सॉर्बर तपासायचं. गाडी किती दबते, किती उसळते, पाच माणसं आणि सामान भरल्यावर मागून किती बसते, हे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचं. कराडच्या पोस्टमास्तरांचा हा मुलगा लहानपणापासूनच बोलायला कमी. प्रेम म्हणून जे काही त्याच्या मनात असतं ते मोजपट्टीतून बाहेर येतं. स्पृहा लहान होती तेव्हा दर दोन महिन्यांनी तो तिच्या पायाची लांबी मोजून सायकलची सीट वर घ्यायचा. सरिताची कंबर धरली तेव्हा त्याने ओट्याखाली पाय ठेवायला लाकडी पट्टी बसवून दिली, आणि खाली वाकून बसायला नको म्हणून चार वर्षांपूर्वी जुनी बुटकी गाडी विकून उंच गाडी घेतली.

त्या उंच गाडीनेच सगळा घोळ केला.

मे महिन्यात त्याची आई, ऊर्मिलाबाई, नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या. वय एकोणऐंशी, उंची चार फूट दहा इंच, दोन्ही गुडघे गेलेले. एके काळी कराडच्या कन्याशाळेत त्या पी.टी. घ्यायच्या. त्यांच्या एका शिटीवर चारशे मुली वळायच्या. विमानतळावर त्यांनी चाकाची खुर्ची नाकारली आणि काठी टेकत टेकत चालत बाहेर आल्या. पण गाडीचं मागचं दार उघडल्यावर त्यांची पाठ सीटच्या कडेला लागली आणि तिथेच राहिली. वर सरकता येईना. पायाखाली स्टूल ठेवावं तर पायरी चढणंच गुडघ्यांना नको होतं. पुढच्या सीटवर बसवावं तर दाराची चौकट आणि डॅशबोर्ड यांच्यामधून पाय आत घेता येईना. शेवटी शशिकांतने एका बाजूने आणि शेजारी उभ्या असलेल्या एका टॅक्सीवाल्याने दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून त्यांना उचललं आणि आत ठेवलं.

दीड तासाच्या रस्त्यात ऊर्मिलाबाई काठी धरून खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी आल्यावर हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, आणि मग म्हणाल्या, "शशी, आता परत जायचं तेव्हाच मी त्या गाडीत बसेन. मधे नाही. मी काही धान्याचं पोतं नव्हे."

एवढ्यावर भागलं असतं. पण मे महिन्याच्या मध्यावर अधिक महिना लागला. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना, विष्णूचा महिना. अधिकात देवळात तेहेतीस अनारसे आणि तेहेतीस दिवे आपल्या हाताने ठेवायचे, हा ऊर्मिलाबाईंचा लग्नापासूनचा नेम. नेम त्यांनी एकदाही चुकवला नव्हता, यजमान दवाखान्यात होते त्या वर्षीसुद्धा नाही. देऊळ होतं स्टुटगार्टच्या बाहेर, एका औद्योगिक वस्तीत. तमिळ मंडळींनी गोदाम घेऊन थाटलेलं, पण आत विष्णूची मूर्ती अशी की बाहेर टायरचं दुकान आहे हे विसरायला होतं. बसने आणि ट्रेनने जायचं तर चार ठिकाणी बदलायला लागत होतं. गाडीने पाऊण तास.

"तुम्ही जाऊन या," ऊर्मिलाबाई सुनेला म्हणाल्या. "माझ्या नावाने ठेवा. पुढच्या अधिकाला बघू."

पुढच्या अधिकाला त्या ब्याऐंशीच्या होणार होत्या. हे गणित घरात सगळ्यांनी मनातल्या मनात केलं. शशिकांतने त्या रात्री जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही, तेव्हाच सरिताने ओळखलं की याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

त्याने आधी गाडी मोजली. रस्त्यापासून मागच्या सीटच्या कडेपर्यंत सत्तर सेंटिमीटर. आता आईला हात न टेकता किती उंचीवर बसता येतं, हे कळायला हवं होतं. विचारून कळलं नसतं. विचारलं असतं तर आईने "मला सगळं येतं" म्हणून सांगितलं असतं. म्हणून पलंग.

बाराव्या दिवशी सकाळी पलंग सदुसष्टवर होता. ऊर्मिलाबाई न्हाऊन आल्या, पलंगाला पाठ लावली, आणि बसायच्या आधी त्यांचा हात आपसूक बाजूच्या कपाटाकडे गेला. कपाटाला धरून त्या बसल्या. मग दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून म्हणाल्या, "शशी, एक सांग. हा पलंग उंच होतोय की मी खुजी होतेय?"

"गादी नवीन आहे ना आई. फुगते जरा."

"गादी माणूस निजलं की दबते रे. फुगणारी गादी मी तरी पाहिली नाही." त्या पाय वर घेत म्हणाल्या. "पुरे कर आता. उद्या मला शिडी लागेल."

शशिकांतने कॅलेंडरच्या मागे सहासष्टला गोल केला. सत्तर उणे सहासष्ट. गाडीची सीट चार सेंटिमीटर खाली यायला हवी होती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाड्या खाली करून घेणाऱ्या मंडळींवर शशिकांतचा जुना राग. सुपरमार्केटच्या आवारात जमिनीला पोट घासत जाणारी एखादी गाडी दिसली की तो जिभेने च्च करायचा आणि सरिताला सांगायचा, "इंजिनिअरांनी वर्षं घालवून जे माप काढलं, ते या लोकांनी एका दुपारी बिघडवलं." सरिताने ते वाक्य बावीस वर्षं ऐकलं होतं. त्यामुळे तो स्वतःच आपल्या गाडीसाठी खाली-वर करता येणाऱ्या स्प्रिंगांचा सेट मागवतोय हे कळल्यावर तिने फक्त विचारलं, "मागे मोठा धूर सोडणारा पाइपही लावणार का?"

"आल्झो, हे वेगळं आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सरिता म्हणाली. "सगळे तेच म्हणत असतील."

गावाबाहेर एक वर्कशॉप आहे. तिथे गाडी उचलायची लिफ्ट तासाच्या भाड्याने मिळते आणि काम आपलं आपण करायचं. फ्राउ ड्योर नावाची साठीची बाई ते चालवते. तिच्याकडे शनिवारी सगळी विशीतली पोरं, प्रत्येकाला आपली गाडी खाली हवी. त्यांच्यात शशिकांत, चोपन्न वर्षांचा, जुन्या लेंग्यावर कामाचा कोट, आणि डब्यात थालीपीठ.

गाडी वर उचलली, मागची चाकं काढली. आत शॉक-अब्सॉर्बरच्या भोवती गुंडाळल्यासारखी स्प्रिंग. नव्या सेटमध्ये तिच्या खाली आटे पाडलेली एक रिंग असते. रिंग फिरवून खाली नेली की स्प्रिंग खाली येते आणि गाडीही तेवढी बसते. ऐकायला सोपं. पण मागची सीट काही नेमकी मागच्या चाकावर नसते, थोडी पुढे असते. म्हणजे सीट चाळीस मिलिमीटर उतरायची तर मागचं पंचेचाळीस उतरायला हवं आणि पुढचं तीस. पुढचं जमलं. मागे रिंग पार तळाला टेकली तरी उतरले तीसच. आणखी पंधरा मिलिमीटर कुठून आणायचे?

फ्राउ ड्योर कमरेवर हात ठेवून मागे येऊन उभी राहिली. "अजून खाली? इतक्या मोठ्या गाडीला? कशासाठी?"

"आईला बसता यावं म्हणून."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. शशिकांतने मग तिला सगळं सांगितलं. पलंग, प्लायवूड, सहासष्ट. ती आत गेली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात शोधून दोन आखूड स्प्रिंगा आणि दोन अगदी चपट्या, हातानेही दबतील अशा छोट्या स्प्रिंगा घेऊन आली. आखूड स्प्रिंग लावली की गाडी खाली येते, पण खड्ड्यात चाक लोंबकळलं की ती जागेवर सैल पडते, खुळखुळते. ती सैल पडू नये म्हणून तिच्या डोक्यावर ही छोटी बसवायची, चाक लोंबलं की ती पसरून जागा भरून काढते. हे शशिकांतला माहीत होतं, त्याच्या रोजच्या कामातलं होतं. तरी त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि निघताना अर्धं थालीपीठ तिला दिलं.

संध्याकाळी गाडी खाली उतरली तेव्हा त्याने मोजपट्टी लावली. सहासष्ट. केसभरही इकडेतिकडे नाही.

घरी येताना त्याने मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि शेजारच्या हाइलब्रॉन गावाच्या दगडी रस्त्यावरून तीन फेऱ्या मारल्या. शॉक-अब्सॉर्बर एकेक टिच्चभर सैल करत गेला. तिसऱ्या फेरीला तांब्यातलं पाणी बोटभरच सांडलं. आईच्या पाठीला एवढं चालेल, असं त्याने ठरवलं.

"देवाचा तांब्या होता तो," सरिता म्हणाली.

"मग चांगलंच की."

पण इथे गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या की तशीच चालवत राहता येत नाही. परीक्षकाकडे न्यायची, त्याच्याकडून कागद घ्यायचा. तारीख मिळाली दहा दिवसांनंतरची. ते दहा दिवस गाडी दारात उभी होती आणि शशिकांत सायकलने कामावर जात होता. अधिकाचे दिवस संपत चालले होते. सरिताने तांदूळ भिजत घातले, तीन दिवसांनी उपसले, कुटले, गूळ घालून अनारशाचं पीठ मुरत ठेवलं. ऊर्मिलाबाई ते पाहत होत्या. "तुम्ही नेणार म्हणूनच करतेयस ना हे सगळं? तुम्हीच जाणार ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. सरिता दोन्ही वेळा म्हणाली, "बघू या आई."

परीक्षकाने गाडीचं एक चाक रॅम्पवर चढवलं, आत दिवा घालून टायर कुठे घासतोय का पाहिलं, चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर मोजलं, आणि ते शशिकांतने लिहून आणलेल्या आकड्याशी पडताळलं. "एक मिलिमीटरचाही फरक नाही," तो जरा संशयाने म्हणाला. मग पुढच्या दिव्यांचा झोत बघितला, सही केली आणि शिक्का मारला. शशिकांत घरी आला तो लिफ्टची वाट न बघता, जिना दोन-दोन पायऱ्या गाळून. देवापुढे तो कागद ठेवला आणि हळदीकुंकू वाहिलं.

शनिवारी, अधिकाचे दोन दिवस उरले असताना, सकाळी अनारसे तळून झाले. इथली खसखस निळसर काळी, त्यामुळे अनारसे काळे तीळ लावल्यासारखे दिसत होते. ऊर्मिलाबाईंनी तेहेतीस मोजून डब्यात भरले, पंधरा-पंधराच्या दोन थरांत आणि वर तीन.

शशिकांत आईसमोर येऊन उभा राहिला.

"आई, जरा खाली येतेस? गाडी बघ एकदा. बसता आलं तर बस. नाही आलं तर वर ये. मी हात लावणार नाही, कुणीच लावणार नाही."

ऊर्मिलाबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीकडे पाहायच्या तसं. मग आत गेल्या, इरकल नेसून आल्या. एका हातात काठी, काखेत त्यांनी कराडहून आणलेली जुनी गोधडी.

गाडीपाशी आल्या. दार उघडलं. त्यांनी सीटकडे पाहिलं, मान हलवली, आणि काखेतली गोधडी चार पदरी घडी तशीच सीटवर नीट मांडली.

शशिकांतचा चेहरा उतरला.

"हे काय आई?"

"काय म्हणजे? चामड्याची सीट आहे ना रे तुझी? अधिकात, देवळाला जाताना, चामड्यावर बसू? त्या दिवशी विमानतळावरसुद्धा मी ही घातली होती. तू माझ्या काखा धरण्यात गुंतला होतास."

शशिकांतने खिशातून मोजपट्टी काढली. रस्त्यापासून गोधडीच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं. सत्तर. जुन्या लुगड्यांच्या थरांची, दाट टाक्यांची गोधडी, एक पदर एक सेंटिमीटर. चार पदर.

सरिताने तोंडावर पदर घेतला, पण हसू पदरातून बाहेर आलंच. "अहो, बारा दिवस पलंग वर केलात, आणि गाडीत बसताना आई खाली गोधडी घालतात का, एवढं विचारायचं होतं."

"पलंगाला चामडं नाहीये," शशिकांत म्हणाला. तो अगदी गंभीर होता.

"काय झालंय ते मला कुणी सांगणार आहे का?" ऊर्मिलाबाईंनी काठी आपटली.

मग शशिकांतने सांगितलं. खालच्या मानेने, आकड्यांसकट. ऊर्मिलाबाई ऐकत राहिल्या. मधेच त्यांनी वाकून गाडीच्या चाकावरची कमान बघितली, जणू ती पूर्वी कुठे होती ते त्यांना आठवतच होतं.

"म्हणजे पलंग त्याच्यासाठी होता."

"हो."

"मला वाटलं, तुझी बायको मला लवकर परत पाठवायच्या खटपटीत आहे."

"आई," सरिता म्हणाली, "तसं असतं तर मी एकदम दहा तुकडे घातले असते."

ऊर्मिलाबाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मग स्वतःच गोधडीची घडी उचलली, एकदा झटकली, आणि पूर्ण उलगडून सीटवर एकपदरी पसरली. सीटच्या पाठीवरही चढवली, चामडं कुठेच दिसू दिलं नाही.

"आता मोज."

शशिकांतने मोजलं. "सदुसष्ट."

"मग?"

"सदुसष्टला तू त्या दिवशी कपाट धरलंस. एक सेंटिमीटर जास्त आहे."

त्याचा आवाज असा होता की स्पृहाने मोबाइलमधून मान वर केली. ती इतका वेळ शेजारच्या पायरीवर बसली होती. तिने आजीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, कपाट नाहीये. तुम्ही उभे राहा ना."

ऊर्मिलाबाईंनी काठी नातीच्या हातात दिली. गाडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ये इकडे. वाक जरा. अजून. उचलायचं नाही, सांगून ठेवते. नुसता थांब."

शशिकांत वाकला आणि थांबला. आईचा हात त्याच्या खांद्यावर आला. हलका, मग जड, मग पुन्हा हलका. त्याने डोळे जमिनीकडेच ठेवले होते, त्यामुळे त्याला फक्त चपला दिसत होत्या. चपला जमिनीवरून सुटल्या, एक, मग दुसरी, आणि गाडीच्या आत गेल्या.

वर पाहिलं तेव्हा ऊर्मिलाबाई सीटवर बसून पदर सारखा करत होत्या.

"अनारशाचा डबा माझ्या मांडीवर द्या," त्या म्हणाल्या. "मागे ठेवलात तर मोडतील. दिवे कुठे आहेत?"

सरिताने डबा दिला, दिव्यांची पिशवी दिली. शशिकांतने दार लावलं, पुढे येऊन बसला आणि आरशात पाहिलं. आरशात आई बरोबर मधोमध होती.

"शशी."

"काय आई?"

"गाडी बसायला बरी केलीस. पण ही एक गोधडी मी रोज किती वापरू? रात्री अंगावर काय घेऊ?"

शशिकांतने खिशातली पेन्सिल काढून पार्किंगच्या पावतीच्या मागे लिहून ठेवलं. देवळातून परतताना हाइलब्रॉनच्या दुकानातून मागच्या सीटसाठी सुती खोळ घ्यायची होती, पातळ, एकपदरी. दुकान सहाला बंद होत होतं.